भिंतीने पोट काढले म्हणून दगडी गोठा पाडू नका

प्रश्न : आजोबांनी रचलेला बिनचुन्याचा दगडी गोठा आहे. त्यात दोन गाई, दोन म्हशी बांधतो. मागे कौले काढून पत्रा घातला. आता पश्चिमेच्या भिंतीने पोट काढले आहे. बाहेरून सिमेंटचा गिलावा करू, की पाडून विटांचा बांधू? फटींत गोचीडही फार झाले आहेत. (एक शेतकरी, ता. पाटण, जि. सातारा)

उत्तर : आधी जनावरे त्या भिंतीपासून लांब बांधा. गोठा पाडू नका आणि गिलावा तर मुळीच करू नका. रचीव भिंतीत शिरलेले पाणी फटींतूनच निघून जाते, म्हणून ती तुमच्याकडच्या पावसात टिकते. बाहेरून सिमेंट थापले की पाणी आत कोंडते आणि भिंत आणखी फुगते.

आता छपराकडे बघा. जुन्या गोठ्यांत छपराचा भार मेढींवर, म्हणजे लाकडी खांबांवर असायचा, भिंत फक्त आडोशाला. पत्रा घालताना मेढी काढून अँगल भिंतीवर टेकवले असतील, तर वाऱ्यात पत्र्याबरोबर भिंतही हादरते. मेढी किंवा लोखंडी खांब परत उभे करा. पत्रा भिंतीपुढे दोन फूट काढा, पागोळ्यांच्या पाण्याला चर द्या. भिंतीला टेकून उकिरडा असेल तर तो हलवा.

मग फुगलेला भाग तेवढा पायापर्यंत उतरवून पुन्हा रचा. मोठे दगड तळाला, त्यांची लांब बाजू भिंतीच्या आत. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. दोन-अडीच फूट उंचीवर, दर तीन फुटांना, भिंतीच्या दोन्ही तोंडांना पोचणारा एक लांब दगड आडवा घाला. पोट काढलेल्या भिंतीत बहुधा हाच दगड नसतो. फुटाला इंचभर आत ढाळ घ्या. पोकळीत माती लोटू नका, दगडाच्या चिपा हाताने घट्ट बसवा. दगड हाताने डुगडुगला तर काढून पुन्हा लावा. रचाई जाणणारा जुना गवंडी गावात असेल तर चार पैसे जास्त देऊन त्यालाच बोलवा आणि घरातल्या तरुण मुलाला त्याच्या हाताखाली उभे करा.

गोचिडांची तक्रार खरी आहे. रक्त पिऊन टम्म झालेली मादी जनावरावरून खाली पडते, फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. म्हणून जनावरे आणि वैरण बाहेर काढून, मेढी सांभाळून, फटींवर फ्लेम गन (आगीची ज्योत सोडणारे यंत्र) फिरवा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. नंतर आतल्या बाजूने चार-साडेचार फुटांपर्यंतच फटी चुन्याने भरा. वरच्या आणि बाहेरच्या मोकळ्याच राहू द्या. जनावरांच्या अंगावरचे औषध पशुवैद्यकांना विचारूनच वापरा, दुभत्यांना तर नक्कीच.

हे सगळे वळीव सुरू होण्याआधी उरका.