इंजिनखालून ऑइल गळतंय: २२ हजार गॅरेजला द्यायचे की घरीच खोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाडचे एक दादा, स्वतःची चौदा फुटी आयशर, स्वतःच चालवतात, कांदा-भाजी घेऊन वाशी मार्केटला महिन्यातून १२ खेपा. इंजिनच्या खालून ऑइल गळतंय, प्रत्येक खेपेला अर्धा लिटर वरून टाकावं लागतं. गॅरेजवाल्याने बघून सांगितलं मागचं क्रँक सील (इंजिनचा मुख्य दांडा गिअरबॉक्सकडे निघतो तिथलं ऑइल अडवणारं रबरी कडं) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सगळं मिळून २२,००० आणि दोन दिवस. दादांचं म्हणणं, मेव्हण्याला थोडंफार कळतं, ६,५०० चा पान्यांचा सेट मागवतो, ४,५०० चं सील-पॅकिंग-ऑइल आणि अंगणातच करतो, ११ हजार वाचतात. आणि गॅरेजला द्यायचेच झाले तर एफडी मोडू की ओळखीच्याकडून शेकडा तीनने घेऊ?

दादा, आधी ते ११ हजार खरंच वाचतात का बघू. तुम्हीच लिहिलंय की डिझेल, टोल, हमाली जाऊन खेपेला ३,००० हातात राहतात. गॅरेजला दोन दिवस म्हणजे एक खेप गेली. घरी तुम्ही दोन दिवस धरलेत पण पहिल्यांदाच गिअरबॉक्स उतरवणारी दोन माणसं, एखादा नट सुटत नाही, सील चुकीच्या साइजचं आलं म्हणून परत नाशिकला पळा, पाच दिवस कुठे गेले कळत नाही, म्हणजे दोन खेपा. ११ मधले ३ हजार तिथेच गेले. राहिले आठ. आता या आठ हजारांसाठी तुम्ही काय पणाला लावताय? सील तिरकं बसलं तर गिअरबॉक्स पुन्हा खाली, आणि कसारा घाटात ऑइल संपून बेअरिंग धरली तर इंजिनचं काम लाखाच्या घरात जातं. गाडीचा इन्शुरन्स आहे म्हणून निर्धास्त राहू नका, झीज आणि मेकॅनिकल बिघाड नेहमीच्या मोटर पॉलिसीत धरतच नाहीत.

पण थांबा, मी गॅरेजला लगेच हो म्हणा असंही सांगत नाहीये. गळती खरंच मागच्या सीलची आहे का, हे आधी ठरू दे. ऑइल वरून कुठूनही सुटलं तरी ओघळून खालीच येतं आणि गाडी पळताना हवेने मागे जातं, त्यामुळे इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलेलं असतं आणि ओला दिसतो चेंबर, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडं. एक रविवार काढा. इंजिन थंड असताना डिझेल आणि फडक्याने खालचा सगळा चिकटा पुसून काढा, अर्धा तास गाडी चालवून आणा आणि बंद करून टॉर्च मारून वरून खाली बघत या, टॅपेट कव्हर, फिल्टरची बैठक, चेंबरची कड, ड्रेन नट. रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवा. थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातूनच पडत असेल तर गॅरेजवाला बरोबर असण्याची शक्यता जास्त. तिथे पण वास घेऊन बघा, गिअर ऑइलचा वास उग्र असतो, मग ते इंजिनचं सील नसून गिअरबॉक्सचं असेल. ब्रीदरचा पाइप (इंजिनच्या आतली वाफ-हवा बाहेर सोडणारा) पण तपासा, तो चोंदला की आत प्रेशर साठतं आणि नवीन सीलसुद्धा गळायला लागतं.

ड्रेन नटचा वॉशर, फिल्टर, टॅपेट कव्हर यातलं काही निघालं तर खुशाल घरी करा, त्याला साडेसहा हजारांचा सेट लागत नाही, आहेत ते पाने पुरतात. चेंबर पॅकिंग असेल तर मी म्हणेन गावातल्या मिस्त्रीला रोजावर घरी बोलवा, तुम्ही दोघं हाताखाली राहा. काही गाड्यांत पुढचा अ‍ॅक्सल आड येतो, गाडी उचलावी लागते, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून लावायची अडकवण) आणि चेसीखाली लाकडी ठोकळे हवेतच, गाडीचा हप्ता तुमच्या नावावर आहे आणि कमावणारे तुम्ही एकटे. पॅकिंगला सिलिकॉन बोटभर फासू नका, जास्तीचं आत दाबलं जातं, त्याचे तुकडे तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, आणि गळती थांबवायला गेलो नि इंजिन उपाशी ठेवलं अशी गत होते. नट पण कचाकच आवळायचे नाहीत, चेंबरची कड वाकते.

आणि नुसतं वरून टाकत राहायचं हा पर्याय डोक्यातून काढा. खेपेला अर्धा लिटर, १२ खेपा, ३५० चा भाव धरला तर महिन्याला २,१०० रस्त्यावर सांडताय.

आता पैसे कुठून. एफडी मोडा, सरळ. मुदतीआधी मोडली तर साधारण व्याजातच थोडी कट लागते, पण शेकडा तीनने २२,००० घेतले तर महिन्याला ६६० नुसतं व्याज, वर्षाचे ७,९२०. बँकेत पोरीच्या नावाने ठेवलेत म्हणून मन होत नाही हे कळतं, मग खेपेमागे ५०० बाजूला टाकून चार महिन्यांत भरून काढा.

पक्कं बिल घेतलं तर टॅक्स वाचेल का, असंही विचारलंय. नाही वाचणार. तुम्ही मालगाडीवाल्यांसाठीच्या ठोक उत्पन्नाच्या तरतुदीखाली (१९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४४एई) रिटर्न भरता, त्यात १२ टनांपर्यंतच्या गाडीला महिन्याला ७,५०० उत्पन्न धरलं जातं, रिपेअरिंग वेगळं वजा होत नाही, गाडी गॅरेजमध्ये उभी होती म्हणून तो महिना सुटत पण नाही. तरी बिल घ्याच, त्यावर कुठलं सील टाकलं आणि परत गळालं तर लेबर कोणाचं हे लिहून घ्या. आणि गिअरबॉक्स खाली येईल तेव्हा स्वतः उभं राहून क्लच प्लेट किती उरलीय ते बघा, संपत आली असेल तर त्याच वेळी बदला, नाहीतर सहा महिन्यांनी त्याच उतरवण्याचं लेबर परत द्याल.