एकलहरे येथील धूर आणि शेवाळाचे डिझेल

प्रश्न : एकलहरे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. कोळशाच्या धुरातील कार्बन डायऑक्साइडवर शेवाळ वाढवून त्यापासून डिझेल काढता येते, असे वाचनात आले. तसे येथे केल्यास प्रदूषण आणि इंधन हे दोन्ही प्रश्न सुटतील का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : शेवाळ धुरावर वाढते, हे आपण वाचले ते खरे आहे. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्के असतो. धूर थंड करून आणि त्यातील राख व गंधकाची संयुगे कमी करून तो तळ्यात सोडला, तर क्लोरेलासारखे सूक्ष्म शेवाळ त्यातील हा वायू उन्हात शोषून घेते. १ किलो कोरडे शेवाळ तयार होताना सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात शेवाळाच्या इंधनावर संशोधन चालवले होते.

मात्र एकलहरे येथील २१० मेगावॉटचा एकच संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला अंदाजे ५ हजार टन वायू बाहेर पडतो. चांगली निगा राखलेल्या उघड्या तळ्यात चौरस मीटरमागे रोज २० ग्रॅम शेवाळ मिळेल असे धरले, तर हा सारा वायू जिरवण्यासाठी सुमारे १४० चौरस किलोमीटर तळी लागतील. अख्ख्या नाशिक महापालिकेचे क्षेत्रच २६० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्या तळ्यांतून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडून गेले, तरी रोज ७० कोटी लिटरची भर घालावी लागेल, आणि गोदावरीच्या पाण्यावरून नाशिक व मराठवाडा यांच्यात आधीच ताण आहे. रात्री संच चालूच असतो, शेवाळ मात्र वायू घेत नाही.

काढणीही सोपी नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम अर्धा ते १ ग्रॅम शेवाळ असते, म्हणून किलोभर शेवाळासाठी हजार लिटरहून अधिक पाणी गाळावे लागते. पुढे वाळवणे आणि तेल काढणे यांत ऊर्जा जाते ती वेगळीच.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. हे डिझेल गाडीत जळाले, की त्यातील कार्बन पुन्हा हवेत मिसळतो. तेवढे खनिज डिझेल वाचते, हा लाभ खरा आहे. पण कोळशातून निघालेला कार्बन कायमचा अडवला गेला, असे म्हणता येत नाही. आपल्या गच्चीवर राख पडत असेल, तर ती चिमणीपूर्वीच पकडणाऱ्या यंत्रणेच्या देखभालीचा आग्रह धरणे अधिक उपयोगाचे ठरेल.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राजवळ, तेथील नत्र व स्फुरद वापरून, लहान प्रमाणात असा प्रयोग करण्यासारखा आहे. तेथे धूर वापरला, तर ते शेवाळ जनावरांना खाद्य म्हणून घालायचे असल्यास आधी पारा व इतर जड धातूंची तपासणी करून घ्यावी, कारण कोळशाच्या धुरात ते असतात.