ऋतू पालटला की तुम्हाला शिंका आणि कुत्र्याला खाज: त्याला दुसऱ्या घरी देण्यापूर्वी

गेली तीन वर्षे ऋतू पालटताना महिना-दीड महिना शिंका, डोळ्यांची खाज आणि पहाटे धाप लागते, नेमक्या त्याच दिवसांत कुत्रा भरपूर केस झाडतो आणि पंजे चाटत बसतो, त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीत काहीच निघाले नाही, तरीही सगळ्यांचे बोट कुत्र्याकडे असल्यामुळे महिनाअखेर त्याला दुसऱ्या घरी देण्याचे ठरते आहे, असे तुम्ही लिहिले आहे. यातले ‘त्वचेवरच्या चाचणीत काहीच निघाले नाही’ हे वाक्य वाचून मी थांबलो, कारण याच वाक्यावर विसंबून आम्ही आमच्या कुत्र्याला एक अख्खे वर्ष घराबाहेर ठेवले होते आणि माझ्या शिंका त्या वर्षीही चुकल्या नव्हत्या.

मी डॉक्टर नाही आणि पशुवैद्यही नाही. सोळा वर्षे हा त्रास सोसणारा रुग्ण आणि दोन कुत्र्यांचा पालक एवढाच माझा अधिकार. अंथरूण गरम पाण्यात धुणे, ओल्या फडक्याने धूळ पुसणे, कुत्र्याला पलंगावर न घेणे हे तुम्ही करतच असाल, म्हणून थेट माझ्या चुकीकडे येतो.

त्वचेवरची चाचणी मी ज्या केंद्रात करून घेतली, तिथे माझ्या हातावर पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेका अर्काचा थेंब ठेवला आणि थेंबातून सुईने हलकेच टोचले. पंधरा-वीस मिनिटांत ज्या थेंबाखाली डास चावल्यासारखा फुगवटा येईल, त्या पदार्थाशी तुमचे वैर, असा या चाचणीचा साधा अर्थ आहे. माझा हात शेवटपर्यंत सपाट राहिला. तिथल्या माणसाने हसून ‘तुम्हाला कशाचीच ॲलर्जी नाही’ असे सांगितले, अहवाल हातात दिला आणि मी निश्चिंत होऊन घरी आलो. आदल्या रात्री मी नेहमीची ॲलर्जीची गोळी घेतली होती. ती घेऊ नका असे वेळ ठरवताना मला कोणी सांगितले नाही आणि चाचणीच्या दिवशी कोणी विचारलेही नाही. या अँटिहिस्टामिन गोळ्या त्वचेवरचा फुगवटाच दाबून टाकतात, म्हणून चाचणीपूर्वी साधारण आठवडाभर त्या बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, हे गोळीवर अवलंबून असते आणि ते चाचणी करणाऱ्याने आधी सांगायचे असते.

मला अधिक राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. या चाचणीत दोन थेंब केवळ पडताळणीसाठी असतात. मिठाच्या पाण्याच्या थेंबाखाली काही उठता कामा नये आणि हिस्टामिनच्या (ॲलर्जीत शरीरात सुटणारे, फुगवटा आणणारे रसायन) थेंबाखाली फुगवटा उठलाच पाहिजे, मग माणसाला ॲलर्जी असो वा नसो. माझ्या अहवालाच्या तळाशी हिस्टामिनसमोर स्पष्ट शून्य लिहिलेले होते, म्हणजे ती चाचणी झालीच नव्हती असे तो कागद स्वतःच सांगत होता. ज्यांनी तो आकडा लिहिला त्यांनी तो वाचला नाही, ज्यांनी सही केली त्यांनीही वाचला नाही, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवून ‘आदल्या दिवशी गोळी घेतली होती का?’ असे विचारले, तेव्हा मला तो प्रथमच दिसला. मधल्या काळात ‘ॲलर्जी नाही, म्हणजे संसर्गच असणार’ या तर्काने मला अँटिबायोटिकचे चार कोर्स दिले गेले, नाकातला फवारा बंद झाला आणि ‘कागदावर काही नसले तरी केस त्रास देतातच’ असे म्हणत आम्ही कुत्रा नातेवाइकांकडे पोहोचवला.

आता कुत्र्याच्या बाजूने थोडे, कारण त्याची बाजू मांडायला घरात सहसा कोणी नसते. मला लिहायची सवय असल्यामुळे पहिली शिंक, पहिली रात्रीची धाप, वाटेवरच्या गवताला तुरे आले तो दिवस आणि ब्रशमध्ये कुत्र्याचे केस मुठीने यायला लागले तो दिवस, अशा तारखा मी काही वर्षे टिपून ठेवल्या होत्या. त्या एकाखाली एक मांडल्यावर असे दिसले की केस झाडण्याची तारीख दरवर्षी चार-पाच दिवसांच्या फरकाने तीच राहत होती, गवताचे तुरे मात्र ऊब आणि पाऊस यांप्रमाणे पुढे-मागे सरकत होते, एका वर्षी तर तब्बल एकोणीस दिवस आधी आले होते. माझी पहिली शिंक प्रत्येक वर्षी तुऱ्यांबरोबर सरकली होती, केसांबरोबर एकदाही नाही.

याचे कारण असे की निसर्गात एकाच वेळी दोन घड्याळे चालू असतात. बऱ्याच प्राण्यांचे केस बदलणे, विणीचा काळ आणि स्थलांतर मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरते, आणि दिवसाची लांबी एका तारखेला दरवर्षी तेवढीच असते. पुष्कळ वनस्पतींचा फुलोरा, कीटकांचे बाहेर पडणे आणि बुरशीची वाढ मात्र तापमान व ओलावा यांच्या तालावर चालते आणि हा ताल वर्षागणिक बदलतो. ही दोन घड्याळे एकमेकांपासून सुटली की काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण नेदरलँड्समधल्या पाइड फ्लायकॅचर या छोट्या पक्ष्याचे आहे. आफ्रिकेतून त्याचे निघणे दिवसाच्या लांबीवर ठरते, तर त्याच्या पिल्लांचे खाद्य असलेल्या अळ्या उबेवर बाहेर येतात. वसंत लवकर तापू लागला तसा पिल्लांच्या भुकेच्या दिवसांआधीच अळ्यांचा भर ओसरू लागला. उत्तर अमेरिकेत १९९० ते २०१८ या काळात परागकणांचा हंगाम सुमारे २० दिवस आधी सुरू होऊ लागल्याचे मोजले गेले आहे, तेव्हा ‘माझा त्रास अमुक तारखेलाच सुरू होतो’ हा भरवसाही फार ताणू नये. तुमचे दोन्ही त्रास एकाच महिन्यात येतात हे खरे, पण एका महिन्यात येणे आणि एकामुळे दुसरे होणे यांत फरक आहे, आणि तो फरक दोन-तीन वर्षांच्या तारखांतूनच दिसतो. एक सावधगिरी: दिवसरात्र दिव्यांच्या उजेडात राहणारा कुत्रा वर्षभर थोडेथोडे केस गाळतो, त्यामुळे त्याची तारीख इतकी रेखीव येणार नाही. आमचा पडवीत झोपत असे.

त्याचे पंजे चाटणेही मी तेव्हा चुकीचे वाचले होते. कुत्र्यांनाही परागकण, बुरशीचे बीजाणू आणि धुळीतले सूक्ष्म माइट यांची ॲलर्जी होते, परंतु ती त्यांच्यात शिंकांपेक्षा कातडीवर अधिक दिसते: पंजे, कान, तोंडाभोवतीचा भाग, काखा आणि पोट यांना खाज सुटते आणि सतत चाटल्यामुळे फिकट रंगाच्या कुत्र्याचे पंजे गंजल्यासारखे तांबूस दिसू लागतात. खाज शेपटीच्या मुळाशी आणि पाठीच्या खालच्या भागात असेल, तर पिसवांचा संशय आधी घ्यावा, कारण उबदार दमट दिवसांत त्या झपाट्याने वाढतात. आमच्या कुत्र्याचे पंजे तांबूस झाले होते आणि त्याच आठवड्यात माझे डोळे लाल झाले होते. आम्ही दोघे एकाच गवतातून रोज सकाळी चालत होतो. फिरून आल्यावर पंजे व पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करण्याचा फायदा त्याला झाला आणि घरात येणारे परागकण कमी झाल्याने मलाही झाला. तुमच्या सर्दीच्या गोळ्या त्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. त्यांतल्या काहींत स्यूडोएफेड्रिन असते आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

कुत्र्याचीच ॲलर्जी असणारी माणसे नसतात असे मी म्हणत नाही. त्रास बारमाही असेल, कुत्रा असलेल्या खोलीत शिरताच वाढत असेल, आणि नीट केलेल्या चाचणीत तेच निघाले, तर निर्णय वेगळा होईल. पण ‘पंधरा दिवस त्याला बाहेर ठेवून पाहा’ हा सल्ला मला निरर्थक वाटतो, कारण प्राण्याच्या कातडीचे आणि लाळेचे कण त्याच्यामागे गाद्या-पडद्यांत कित्येक महिने राहतात.

मी तुमच्या जागी असतो तर सर्वांत आधी तो अहवाल काढून हिस्टामिनची ओळ वाचली असती. तिथे शून्य असेल तर चाचणी गोळ्या थांबवून पुन्हा करावी लागेल. गोळ्या थांबवणे झेपत नसेल तर रक्तातली आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडे) तपासणी हा पर्याय आहे, तिच्यावर या गोळ्यांचा परिणाम होत नाही. दमा आहे का हे पाहणारी श्वासाची फुंकर चाचणी त्रासाच्या दिवसांतच, श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या पंपाआधी आणि नंतर अशी दोनदा करून घ्यावी. माझी पहिली फुंकर चाचणी सगळे शांत असताना झाली, अर्थातच उत्तम आली आणि दमा नाही असा आणखी एक निर्वाळा मिळाला. नाकातल्या स्टिरॉइड फवाऱ्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात, म्हणून डॉक्टरांना विचारून तो हंगामाच्या आठवडा-दोन आठवडे आधी सुरू करण्यासाठीच त्या तारखांचा खरा उपयोग आहे.

पहाटेची धाप मात्र हलक्यात घेऊ नका, असे मी जरा अधिकारवाणीनेच सांगतो. गवताचा परागकण तसा मोठा असल्यामुळे नाकातच अडतो, पण ओला होऊन फुटला की त्यातले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसांत उतरतात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये गवताच्या फुलोऱ्याच्या दिवसांत वादळ आले, तेव्हा काही तासांत हजारो माणसे श्वास लागून रुग्णालयांत गेली आणि दहा जण दगावले. धाप लागलेल्यांत आजवर केवळ शिंका येत असलेले, दम्याचे निदानच न झालेले पुष्कळ जण होते. म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत मेघगर्जना सुरू झाली की मी खिडक्या लावून घरात बसतो, घरचे हसतात तरीही.

तारखा लिहिण्याला कोणी वेडेपणा म्हटले तर म्हणू द्या. जॉन बॉस्टॉक या इंग्रज डॉक्टरांनी १८१९ साली स्वतःच्याच या हंगामी शिंकांच्या दुखण्याचे वर्णन प्रथम मांडले, तेव्हा ते दरवर्षी जूनच्या सुरुवातीस किंवा मध्यास सुरू होते एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यामागे परागकण आहेत हे चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये दाखवले, तेही परागकण स्वतःच्या कातडीवर चोळून आणि आकाशात उडवायच्या पतंगांना चिकट काचा बांधून हवेतले कण मोजून.

आमचा कुत्रा वर्षाने परत आला तेव्हा फाटकापाशी क्षणभर थबकला, आत यावे की नाही हे त्याला ठरवता येत नव्हते, आणि ते दृश्य मला अजून नीट आठवते. तुमच्या अहवालाच्या तळाशी हिस्टामिनसमोर काय लिहिले आहे आणि चाचणीच्या आधी शेवटची गोळी कधी घेतली होती, एवढे पाहून मला सांगा. तोवर महिनाअखेरची ती तारीख पुढे ढकला.