पॉडवरून मॉडवर जायचंय?

लेका, पॉड म्हणजे छोटी ई-सिगारेट पुरेना म्हणून मॉड, म्हणजे मोठ्या बॅटरीची जास्त वाफ देणारी ई-सिगारेट, घ्यायला निघालास. मीबी तेच केलतं. पॉडमधलं मिलीलिटरला 50 मिलिग्रॅमचं सॉल्ट, म्हणजे कडक निकोटिनचा रस, मॉडच्या मोठ्या टाकीत ओतलं अन् दोन झुरक्यांत गुलमंडीवर गाडीचं हँडल धरून घाम पुसत उभा. मॉडची सब-ओहम कॉइल, म्हणजे एका ओहमपेक्षा कमी रोधाची तापणारी तार, वाफच इतकी ओढते की तिथं 3 मिलिग्रॅमबी भरपूर.

मॉडमधला सुटा 18650 सेल (चार्ज होणारी बॅटरी) किल्ल्यांसोबत खिशात ठेवशील तर शॉर्ट होऊन पेटंल. त्यात 2019 च्या कायद्यानं भारतात ई-सिगारेटची विक्रीच बंद. मिळतो तो चोरटा माल, सेल अस्सल की नवं आवरण चढवलेला, कोण सांगणार? साठा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नायतर 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पॉड पुरेना म्हणजे निकोटिनची सवय वाढली, बाकी काई नाई. मी शेवटी तंबाखू सोडवायच्या सरकारी हेल्पलाइनला, 1800-11-2356 ला फोन लावला. पहिला आठवडा लई चिडचिड झाली, बडीशेप चघळत काढला.