वाचकांचे प्रश्न : होडीचे जुने इंजिन दुरुस्त करावे की बदलावे?

प्रश्न : गंगापूर धरणाच्या जलाशयात आमची मासेमारीची फायबरची होडी चालते. तिचे १५ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचे) इंजिन वडिलांनी २००६ साली घेतले होते. यंदा पावसाळ्यानंतर ते दोरी ओढून लवकर सुरू होत नाही, वजन घेऊन जाताना दम टाकते आणि मागून पडणारी पाण्याची धारही बारीक झाली आहे. मेकॅनिक म्हणतात, “यावर आता पैसे घालू नका.” नव्या इंजिनासाठी कर्ज काढावे का?
– एक वाचक, गिरणारे (जि. नाशिक)

उत्तर : कर्जाचा अर्ज भरण्याआधी एक तपासणी आवर्जून करून घ्यावी, कारण आपण सांगितलेल्या तिन्ही तक्रारी स्वस्तातल्या भागांमुळेही उद्भवू शकतात. धार बारीक होण्यामागे बहुधा पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलर (पाणी ढकलणारा फिरता पंखा) झिजलेला किंवा धारेची नळी गाळाने तुंबलेली असते. ते दुरुस्त होईपर्यंत इंजिन चालवू नये, कारण थंड पाणी न पोहोचल्यास पिस्टन जाम होतो. पावसाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल हेही सुरू न होण्याचे नेहमीचे कारण आहे. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या आतून सोलवटतात आणि तो कचरा कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) बारीक छिद्रांत अडकतो.

निर्णय ठरतो तो कॉम्प्रेशनवर, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो यावर. पाण्याची धार नीट झाल्यावर इंजिन थोडे गरम करून दोन्ही स्पार्क प्लग काढावेत, ठिणगी बंद ठेवून थ्रॉटल (वेगाची झडप) पूर्ण उघडावे आणि दाब मोजणारे गेज लावून प्रत्येक सिलिंडरसाठी दोरी सारख्याच वेळा ओढावी. एकात ११० आणि दुसऱ्यात १०५ पौंड (प्रति चौरस इंच) असा आकडा आला, तर वय कितीही असो, इंजिनाचा गाभा शाबूत आहे असे समजावे. मात्र एकात ११० आणि दुसऱ्यात ८० आला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि मेकॅनिकचा सल्ला मानावा. त्यानंतर खालच्या गियरबॉक्सचा स्क्रू सैल करून चमचाभर ऑइल स्टीलच्या वाटीत घ्यावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर सीलमधून पाणी आत शिरले आहे. सील बदलता येते, पण ऑइलसोबत धातूचा चुरा चमकताना दिसला, तर गियरही धरून हिशेब करावा.

दोन्ही तपासण्या चांगल्या निघाल्या आणि दुरुस्तीचा एकूण खर्च नव्या इंजिनाच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत राहिला, तर मी दुरुस्तीच सुचवेन. गोड्या पाण्यात चाललेल्या इंजिनाला आतून गंज कमी लागतो, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. याच कारणासाठी कोकणातल्या खाडीत चाललेले जुने इंजिन स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते; त्यातले न जळालेले ऑइल धुराबरोबर थेट पाण्यात जाते, आणि हे धरण नाशिक शहराला पिण्याचे पाणी देते. त्यामुळे कधी बदलण्याची वेळ आलीच, तर फोर-स्ट्रोक घ्यावे. ते बरेच जड असते, म्हणून होडीची मागची फळी आधी तपासावी. तोपर्यंत पेट्रोलमध्ये ऑइल इंजिनाच्या कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच, मापाने घालावे. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत ५०:१ (पेट्रोल ५० भाग, ऑइल १ भाग) असेल, तर लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर पुरे होते. “थोडे जास्त टाकलेले बरे” म्हणून अंदाजाने ओतलेले ऑइल प्लगही काळे करते.