वाचकांचे प्रश्न : परीक्षेत भरघोस गुण, प्रस्तावात चुका

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या १४ शाखा असून सुमारे ९० कर्मचारी आहेत. त्यांत नुकतेच लागलेले लिपिक आहेत, तसेच निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेले शाखाधिकारीही आहेत. कर्जप्रकरणांतील चुका कमी व्हाव्यात म्हणून गेल्या वर्षी आम्ही तज्ज्ञांची प्रत्येकी एक तासाची दहा व्याख्याने ध्वनिचित्रित करून सर्वांना ऑनलाइन उपलब्ध करून दिली आणि शेवटी परीक्षा घेतली. जवळजवळ सर्वांना ऐंशीच्या वर गुण मिळाले; मात्र मुख्य कार्यालयातून परत जाणाऱ्या कर्जप्रस्तावांची संख्या होती तेवढीच आहे. कर्मचाऱ्यांनाच शिकायची इच्छा नाही, असे समजावे काय? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : तसे समजू नये. ज्यांनी दहा तासांची व्याख्याने ऐकून ऐंशी गुण मिळवले, त्यांच्या इच्छेबद्दल शंका घेण्यास जागा नाही. आपण जे शिकवले ते त्यांना आले. परंतु आपल्याला जे सुधारायचे होते ते आपण शिकवलेच नव्हते. अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मोजमाप चार पायऱ्यांनी करावे असे सुचवले. प्रशिक्षण आवडले का, त्यातले कळले का, कळलेले कामात उतरले का आणि त्याने संस्थेचे काही भले झाले का, अशा त्या चार पायऱ्या आहेत. आपली परीक्षा दुसऱ्या पायरीवर थांबली आणि परत येणारे प्रस्ताव तिसऱ्या पायरीचे उत्तर देत आहेत.

म्हणून नवा अभ्यासक्रम आखण्याआधी विषयांची यादी करू नये. गेल्या सहा महिन्यांत परत गेलेले प्रस्ताव आणि लेखापरीक्षकांचे शेरे समोर घेऊन बसावे आणि चुकांची वर्गवारी करावी. जामीनदार आधीच दुसऱ्या कर्जात थकबाकीदार असणे, सात-बाराचा उतारा जुना असणे, आधार आणि पॅन यांवरील नावांत फरक असणे, पगारातून होणारी इतर कपात न धरता परतफेडीची कुवत काढणे अशा मोजक्याच जातींच्या चुका पुन्हा पुन्हा झालेल्या दिसतील, असा माझा अंदाज आहे. त्यांतल्या काही चुका अज्ञानातून झालेल्याही नसतील. अर्जाच्या नमुन्यात दुसऱ्या जामीनदाराच्या सहीला जागाच नसेल, तर सहीचे महत्त्व सांगणारा धडा कितीही उत्तम केला तरी व्यर्थ आहे; तिथे नमुना बदलावा. उताऱ्याची तारीख पाहण्यासारखी गोष्ट लक्षात ठेवण्याचीही गरज नाही, तिच्यासाठी टेबलाच्या काचेखाली ठेवलेली आठ ओळींची तपासयादी पुरते. ही छाटणी झाल्यावर जे उरेल, म्हणजे ज्यात माणसाला विचार करून निर्णय घ्यावा लागतो, तेवढ्यापुरताच अभ्यासक्रम करावा. तो दहा तासांचा निश्चितच होणार नाही.

धड्याची सुरुवात व्याख्येने न करता प्रकरणाने करावी. नाव, पत्ता, आधार क्रमांक पूर्णपणे झाकलेला एक खराखुरा प्रस्ताव पडद्यावर द्यावा आणि विचारावे : हा आपण मंजुरीसाठी पाठवाल, परत कराल, की अर्जदाराला आणखी एखादा कागद मागाल? चुकीचे पर्याय मनाने रचू नयेत. आपल्या शाखांनी खरोखर जे केले तेच पर्याय म्हणून द्यावेत. उत्तर चुकल्यावर नुसती लाल फुली दाखवू नये. कर्ज दोन वर्षांनी थकले, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी कागद बाहेर काढले आणि त्या वेळी जामीनदाराच्या कागदांतली उणीव कशी अंगलट आली, हे चार वाक्यांत दाखवावे. नियम त्यानंतर सांगावा. नियमाची गरज पटल्यावर तो ऐकणारा माणूस आणि पहिल्या मिनिटापासून नियम ऐकत बसलेला माणूस यांच्यात फार अंतर असते. (मी केलेल्या पहिल्या अभ्यासक्रमाची सुरुवात संस्थेच्या वीस मिनिटांच्या इतिहासाने झाली होती. तो इतिहास पूर्ण ऐकलेला एकही कर्मचारी मला पुढे भेटला नाही.)

प्रौढांच्या शिक्षणाविषयी बोलताना अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांचे नाव हमखास येते. 'अँड्रागॉजी', म्हणजे प्रौढांना शिकवण्याचे शास्त्र, ही संज्ञा जर्मनीत अलेक्झांडर काप यांनी १८३३ मध्येच वापरली होती. नोल्स यांनी १९६८ पासून तिचा अमेरिकेत प्रसार केला. हे आपण का शिकायचे, हे प्रौढाला आधी कळावे लागते, त्याचा अनुभव हीच शिकण्याची मोठी सामग्री असते आणि समोरच्या अडचणीशी जोडलेले ज्ञान तो लवकर घेतो, हे त्यांचे म्हणणे मला व्यवहारात खरे वाटत आले आहे. मात्र मुलांना एका पद्धतीने आणि प्रौढांना दुसऱ्याच पद्धतीने शिकवावे, अशी काटेकोर विभागणी करू नये. स्वतः नोल्स यांनीही १९७० मध्ये या दोन पद्धती परस्परविरोधी म्हणून मांडल्या आणि १९८० पर्यंत ती भूमिका बरीच सौम्य केली. आपल्याकडचा तीन महिन्यांपूर्वी लागलेला लिपिक वयाने प्रौढ असला तरी कर्जप्रकरणात नवखाच आहे. त्याला एक प्रस्ताव सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवावा लागेल. तेच सविस्तर निरूपण पंचवीस वर्षे काम केलेल्या शाखाधिकाऱ्याला कंटाळा आणील. त्यासाठी आरंभी पाच प्रकरणे द्यावीत आणि जो ती बिनचूक सोडवील त्याला त्या धड्यातून मोकळे करावे. शक्य झाल्यास अशा दोघा-तिघांकडून पुढच्या धड्यांसाठी त्यांच्या आठवणीतली अवघड प्रकरणे लिहून घ्यावीत.

आता लांबीविषयी. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-दर्शनांचा अभ्यास फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यम कालावधी सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असे त्यात आढळले. पाहणे म्हणजे शिकणे नव्हे, हे खरे. पण जे पाहिलेच जात नाही ते शिकले जाण्याचा प्रश्नच उरत नाही. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे सर्व धडे एकाच आठवड्यात उरकू नयेत. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात ज्या विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, त्यांना पाच मिनिटांनंतर तो अधिक आठवला. परंतु आठवड्यानंतर आघाडीवर होते ते न पाहता आठवण्याचा सराव केलेले विद्यार्थी. आपली परीक्षा व्याख्यानांच्या पाठोपाठ झाली असेल, तर तिच्यातल्या ऐंशी गुणांचा अर्थ यावरून लागतो. दर मंगळवारी एक प्रकरण, असे दहा-बारा आठवडे चालवावे आणि तिसऱ्या आठवड्यातली चूक सातव्या आठवड्यात नव्या वेषात पुन्हा समोर आणावी.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. हा वेळ कामाच्या तासांत द्यावा. सहकार कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २४-अ नुसार कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही संस्थेचीच जबाबदारी आहे. 'घरी गेल्यावर आपल्या सोयीने पाहा' या वाक्यात सोय संस्थेची असते. घरी गेल्यावर स्वयंपाकाला लागणाऱ्या महिला कर्मचाऱ्याची त्यात काहीही सोय नसते.

प्रश्न : मी प्रशिक्षणाच्या स्लाइड तयार करते. पडद्यावरील सर्व मजकूर निवेदकाने शब्दशः वाचावा आणि वाचन संपेपर्यंत 'पुढे' हे बटण बंद ठेवावे, असा आमच्या वरिष्ठांचा आग्रह आहे. तो योग्य आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दोन्ही बाबतींत नाही. आपण मनात वाचतो तो वेग आणि निवेदकाचा वेग जुळत नाहीत, त्यामुळे डोळे पुढे जातात आणि कान मागे ओढतात. चित्रासोबत तेच शब्द पडद्यावर आणि आवाजातही दिल्यास बहुधा शिकण्यात अडथळा येतो, असे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनी दाखवले आहे. चित्र किंवा तक्ता पडद्यावर ठेवून स्पष्टीकरण आवाजात द्यावे. ज्यांना ऐकू कमी येते किंवा निवेदनाची भाषा ज्यांची स्वतःची नाही, त्यांना मजकुराचा उपयोग होतो. त्यांच्यासाठी हवी तेव्हा सुरू करता येईल अशी मजकूरपट्टी द्यावी. बंद बटणाविषयी एवढेच सांगतो, की ते असले की लोक आवाज बंद करून चहाला जातात आणि परत येऊन बटण दाबतात. नोंदवहीत मात्र त्यांनी संपूर्ण धडा पाहिला अशी नोंद राहते. वरिष्ठांना खात्री हवी असल्यास बटणाऐवजी तिथे एखादा प्रश्न ठेवण्याचे सुचवून पाहावे.

प्रश्न : दृश्य, श्राव्य आणि कृतीतून शिकणारे अशा तीन गटांसाठी एकाच धड्याची तीन रूपे करावीत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : करू नयेत. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा विभागणीने शिकणे सुधारते याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. धड्याचे रूप विषयावरून ठरते. यंत्राचा आवाज ऐकूनच ओळखावा लागतो आणि नकाशा पाहावाच लागतो.

प्रश्न : मी बचत गटांच्या महिलांना हिशेबलेखन शिकवते. आता हे प्रशिक्षण फोनवरून घ्यावे, असे सांगण्यात आले आहे. पुष्कळ घरांत एकच फोन आहे आणि तो दिवसभर यजमानांजवळ असतो. काही जणींना वाचायला वेळ लागतो. हे कसे जमवावे? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : प्रत्येकीच्या हाती फोन हवा, ही अट प्रथम सोडून द्यावी. गटाची बैठक ठरलेल्या वारी होतेच. तिथे एका फोनवर दहा जणींनी मिळून दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश ऐकणे हेही ऑनलाइन प्रशिक्षणच आहे. संदेशात एकच व्यवहार सांगावा. उदाहरणार्थ, एका ताईंनी गटातूनच दोन हजार रुपयांचे कर्ज घेतले होते आणि या महिन्यात त्यांनी पाचशे रुपये मुद्दल आणि चाळीस रुपये व्याज भरले. मग गटाने मिळून ती नोंद वहीत करावी आणि पानाचा फोटो आपल्याला पाठवावा. पाने पाहताना आपल्या लक्षात येईल, की शेकडा दोन रुपयांनी दोन हजारांचे चाळीस हे बायका तोंडी झटकन सांगतात. अडते ते मुद्दल आणि व्याज वेगवेगळ्या रकान्यांत लिहिताना आणि शिल्लक पुढच्या पानावर नेताना. म्हणून व्याज शिकवण्यात वेळ घालवू नये. बचत गटांच्या पंचसूत्रीतली बैठक, बचत, कर्जवाटप आणि परतफेड ही चार सूत्रे त्या वर्षानुवर्षे पाळत आल्या आहेत. मदत पाचव्या सूत्रात, म्हणजे हिशेब लिहिण्यात हवी आहे.

उत्तरही आवाजातच पाठवावे आणि चूक कोणाची हे न सांगता कोणत्या रकान्यात काय जायला हवे तेवढेच सांगावे. वही दर वेळी एकाच मुलीकडे जात असल्यास लिहिण्याची पाळी लावून द्यावी. शेजारणीला विचारून लिहिलेले चालेल, परंतु लेखणी जिची पाळी तिच्याच हातात असावी.