अर्ध्या तासात संत्र्याच्या ग्लेझचं चिकन: रस पाणचट राहतो किंवा मध करपतो, तो का?

तुम्ही लिहिलंय की कामावरून आल्यावर अर्ध्या तासात होईल असं संत्र्याच्या रसाचं चकचकीत चिकन करायचंय. दोनदा केलंत आणि दोन्ही वेळा बिघडलं. पहिल्यांदा चिकन थोडं परतून त्यावर रस ओतलात, तर रस पाण्यासारखा राहिला आणि चिकन उकडल्यासारखं पांढरं निघालं. दुसऱ्यांदा मध आणि रस आधीच चोळून ठेवलात, तेव्हा बाहेरून काळं-कडू आणि आतून कच्चं. प्रश्न असा की नेमकं चुकतंय कुठे.

दोन्ही वेळचं मूळ एकच आहे. चिकन आणि रस यांना तुम्ही एकत्र शिजवलंत. ही दोन वेगळी कामं आहेत. चिकन कोरडं असताना खरपूस होतं आणि रस वेगळा आटला तर त्याचा ग्लेझ, म्हणजे चकचकीत दाट लेप, होतो. या दोघांची गाठ फक्त शेवटच्या दोन मिनिटांत घालायची. एवढं पाळलं तर बाकी प्रमाणात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

कारण सांगतो. पॅनमध्ये पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. मांसाला जो तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे जोरात येऊ लागतो. म्हणजे रस ओतला की रंग यायचा थांबलाच. त्यात संत्र्याचा रस आंबट, आणि आंबटपणाने रंग येणं आणखी मंदावतं. तुमचं पहिलं चिकन पांढरं राहिलं ते यामुळे. दुसऱ्या वेळी उलटं झालं. मधातली बरीचशी साखर फ्रुक्टोज असते आणि ती नेहमीच्या साखरेपेक्षा खूप कमी तापमानाला जळायला लागते. चिकन आतून शिजायला दहा-बारा मिनिटं हवीत, मधाला करपायला दोन-तीन पुरतात.

आता मी कसं करतो ते. दोघा-तिघांसाठी अर्धा किलो चिकन, शक्यतो मांडीचे बोनलेस तुकडे. चिकन नळाखाली धुऊ नका. त्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर सिंकभर, ओट्यावर, बाजूच्या भांड्यांवर उडतात. जंतू मरतात ते शिजवल्याने. धुण्याऐवजी कागदी टॉवेलने तुकडे दोन्ही बाजूंनी दाबून टिपून घ्या, अगदी टॉवेल कोरडा निघेपर्यंत. या कामाला एक मिनिट लागतं आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. मग पाऊण चमचा मीठ आणि मिरपूड. (चमचा म्हणजे चहाचा.) मीठ मुद्दाम थोडं कमी, कारण पुढे सोया सॉस येणार आहे आणि रस आटताना त्यातला खारटपणाही आटून दाट होतो.

चिकनला मीठ लावून ठेवलं की आधी फळाकडे वळा. तीन संत्री घ्या. रस काढण्याआधी एका संत्र्याची साल बारीक किसणीवर किसून घ्या, फक्त वरचा रंगीत पापुद्रा. संत्र्याचा जो वास आपल्याला ओळखीचा आहे तो बहुतेक या सालीतल्या तेलात असतो, रसात त्या मानाने थोडाच. साल नखाने दाबली की हवेत जो बारीक फवारा उडतो तेच हे तेल. खालचा पांढरा भाग मात्र कडू, तो किसात येऊ देऊ नका. किसणीवरून एकाच जागी एकदाच फिरवायचं आणि संत्रं वळवायचं. माझी मुलगी हे काम आवडीने करते, तिच्या बोटांना झोपेपर्यंत वास येत राहतो. किस वाटीत झाकून ठेवा, तो आत्ता घालायचा नाही.

तीन मध्यम संत्र्यांचा साधारण २०० मिली रस निघतो. तो गाळून घ्या. बिया पिळताना चिरडू नका, त्यात कडू द्रव्य असतं. रस करताना काढा, सकाळी काढून ठेवू नका. मोसंबीचा रस ठेवला की कडवट होतो हे तुम्ही पाहिलं असेल. संत्र्याच्या काही जातींतही, विशेषतः नेव्हलमध्ये, तेच होतं. रस निघाल्यावर आंबटपणामुळे त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य हळूहळू तयार होत जातं आणि आटवल्यावर ते आणखी जाणवतं. मला हे कळण्याआधी मी दोनदा साखर वाढवून बघितली होती. कडूपणा तसाच राहिला आणि वर गोडमिट्ट झालं.

एका पसरट लहान भांड्यात हा रस, एक मोठा चमचा सोया सॉस, दीड मोठा चमचा मध, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या आणि बोटभर आल्याचा किस एकत्र करून मध्यम आचेवर ठेवा. भांडं स्टीलचं किंवा नॉनस्टिक असू द्या. उघड्या लोखंडात किंवा ॲल्युमिनियममध्ये आंबट रस आटवला तर धातूची चव उतरते. पसरट एवढ्यासाठी की वाफ वरच्या पृष्ठभागातून जाते. उंच, अरुंद भांड्यात हेच काम दुप्पट वेळ खातं.

रस उकळायला लागला की दुसऱ्या शेगडीवर मोठं पॅन तापवा. मोठा चमचाभर तेल घाला, ते पातळ होऊन सहज सरकायला लागलं की तुकडे ठेवा. गुळगुळीत बाजू खाली आणि तुकड्यांमध्ये दोन बोटं अंतर. दाटी केली तर तुकडे पाणी सोडतात, ते उडून जायला जागा मिळत नाही आणि पुन्हा उकडणं सुरू होतं. मावत नसतील तर दोनदा करा. आणि मग पाच-सहा मिनिटं हात लावू नका. सुरुवातीला तुकडा पॅनला घट्ट चिकटलेला असतो. खरपूस थर धरला की तोच सुटतो. चिमट्याने कड उचलून बघा. ओढावं लागत असेल तर अजून वेळ आहे. उलटवल्यावर दुसरी बाजू चार-पाच मिनिटं, आच थोडी कमी करून.

आत शिजलं की नाही याचा खात्रीचा उपाय म्हणजे थर्मामीटर. सगळ्यात जाड भागात ७४ अंश सेल्सिअस भरले की चिकन खायला सुरक्षित. मांडीचं मांस मी ८० च्या पुढे जाऊ देतो. त्यातले चिवट धागे तिथे विरघळून मऊ होतात, ७४ वर ते जरा रबरी लागतं. छातीचे तुकडे असतील तर उलटा नियम, ७४ च्या पुढे गेले की कोरडे पडायला लागतात. छातीचा तुकडा आधी लाटण्याने हलके ठोकून सगळीकडे दीड सेंटिमीटर जाडीचा करा, म्हणजे टोक सुकून मधला भाग कच्चा असं होत नाही. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा मधोमध चिरून बघा. काचेसारखा अर्धपारदर्शक भाग जराही दिसला तर परत पॅनमध्ये ठेवा.

एव्हाना तुमचा रस निम्मा झाला असेल. चिकन ताटात काढा. पॅनमधलं जास्तीचं तेल ओतून टाका, पण तळाला धरलेली तांबूस खरवड पुसू नका, सगळ्या पदार्थाची चव तिथे आहे. (ती काळी झाली असेल तर मात्र पॅन पुसून घ्या, काळी खरवड रसात गेली की काही करता येत नाही.) त्यात आटत आलेला रस ओता आणि लाकडी उलथण्याने खरवड सोडवा. रसाचा रंग लगेच गडद होतो.

इथून पुढे घड्याळ बघू नका, बुडबुडे बघा. पाणी जास्त असताना बुडबुडे बारीक, फेसाळ आणि भराभर फुटणारे असतात. रस दाट होत गेला की ते मोठे होतात, सावकाश फुगतात, चकाकतात. आवाजही बदलतो, चरचरीचं रूपांतर खालच्या सुरातल्या बुडबुडण्यात होतं. उलथणं तळावरून ओढलं आणि मागे क्षणभर कोरडी वाट दिसून मग रस सावकाश मिटला, की झालं. पाकाच्या भाषेत सांगायचं तर एकतारीच्या जरा अलीकडे. एकतारी होऊ दिलात तर ताटात येईपर्यंत तो गोठल्यासारखा चिकट होईल, कारण निवताना दाटपणा वाढतो. पुढे गेलाच तर घाबरू नका, दोन चमचे पाणी घाला, परत सैल होतो. मी आच बंद करतो तेव्हा २०० मिलीमधले ६०-७० उरलेले असतात.

आता तुकडे आणि ताटात जमा झालेला त्यांचा रस परत पॅनमध्ये घाला. मंद आचेवर दीड-दोन मिनिटं, चमच्याने ग्लेझ वर सोडत आणि तुकडे उलटत. ग्लेझ प्रत्येक खाचेत धरतो आणि वरून ओघळायचा थांबतो. गॅस बंद. मग सालीचा किस, एक लहान चमचा लिंबाचा रस आणि हवं असेल तर छोटा तुकडा लोणी.

लिंबू शेवटी का, यावर थोडं थांबतो, कारण बहुतेक घरी हेच राहून जातं आणि मग "छान आहे पण काहीतरी कमी आहे" असं होतं. संत्रं आटलं की त्यातली साखर दाट होते, मधाची भर असतेच, आणि ताजेपणाचा वास वाफेबरोबर गेलेला असतो. राहतो तो जड गोडवा. फ्रेंच स्वयंपाकात बदकासाठी संत्र्याचा जो सॉस करतात त्यात जुन्या पद्धतीने कडू-आंबट जातीचं संत्रं वापरतात, आणि गोडीसाठी साखर तांबूस होईपर्यंत वितळवून त्यात व्हिनेगर घालतात. गोडाला तोडणारं काहीतरी हवंच, ही जाण त्यात आहे. आपल्याकडे गोड संत्रं असेल तर ते काम लिंबू करतं, आणि आच बंद केल्यावर घातल्याने त्याचा वासही राहतो. मोसंबी वापरत असाल तर लिंबू दीड-दोन चमचे घ्या, तिच्यात आंबटपणा फार कमी असतो.

कॉर्नफ्लोअर मी घालत नाही. त्याने रस दोन मिनिटांत दाट होतो हे खरं, पण तो दाटपणा चवीचा नसतो. रस पातळ तो पातळच, फक्त गुळगुळीत. फारच घाई असेल तर अर्धा चमचा गार पाण्यात कालवून घाला आणि एक उकळी येऊ द्या. उकळत मात्र ठेवू नका, आंबट रसात तो परत पातळ पडतो.

आणि चिकन लिंबाच्या किंवा संत्र्याच्या रसात रात्रभर मुरवायला ठेवू नका. मी एकदा पाहुणे येणार म्हणून आदल्या रात्री ठेवलं होतं. वरचा थर पिठूळ झाला आणि पॅनमध्ये रंग धरेचना. आंबट रसात पृष्ठभागाचं मांस आधीच बदलून जातं, आत मात्र रस फारसा पोचत नाही. कच्च्या चिकनवरून उतरलेला असा रस ग्लेझसाठी वापरायचा झालाच तर तो आधी खळखळून उकळायला हवा.

वेळेचं गणित असं बसतं: आल्याबरोबर भात लावा, टिपणं-किसणं-पिळणं दहा मिनिटं, दोन शेगड्यांवर मिळून बारा मिनिटं, शेवटची गाठ तीन-चार मिनिटं. शेगडी एकच असेल तर आधी चिकन भाजून काढा आणि त्याच गरम, पसरट पॅनमध्ये सगळा रस ओता. तिथे तो सहा-सात मिनिटांत आटतो, चिकन तेवढा वेळ झाकून ठेवा.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी ग्लेझ थिजलेला दिसेल. दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा, मंद आचेवर आतपर्यंत चांगलं गरम करा आणि लिंबाचे चार थेंब नव्याने पिळा.